कोकणातल्या घराचा कच्चा रस्ता आणि पायवाट : चिखलावर उपाय हवा आहे

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमचं गावचं घर आहे. डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत साधारण 60 फूट लांब, 8 फूट रुंद कच्चा रस्ता, उतार घराकडे. पुढे मागच्या पडवीला वळसा घालून विहिरीकडे पायवाट जाते. पावसाळाभर दोन्हींवर नुसती राड. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आता हे पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही.

माती जांभ्याची, तांबडी नि चिकट. मागे एका ठेकेदाराने मुरूम पसरून वर 20 एमएमची खडी टाकून दिली होती. पहिला पावसाळा बरा गेला. आता चाकोरीत काठी खुपसली तर आधी चार बोटं राड लागते आणि मग खाली खडी करकरते. म्हणजे खडी वाहून गेलेली नाही. गाडीच्या वजनाने ती मातीत रुतली आणि माती वर आली. वरून आणखी खडी ओतली तर तीही तशीच गिळली जाणार. शिवाय डांबरी रस्त्याचं सगळं पाणी फाटकातून थेट आत येतं, आणि पायवाटेवर पागोळ्या पडून चर पडलाय.

काँक्रीट करून टाका, असं जो तो सांगतो. पण आमची विहीर मे महिन्यात तळ गाठते. पाणी जमिनीत मुरलंच पाहिजे, हा बाबांचा आग्रह आहे आणि मला तो शंभर टक्के पटतो.

दिवाळीनंतर करायचं ठरवलंय ते असं : राड खरवडून काढायची, जिओटेक्स्टाइल कापड (खडी मातीत रुतू न देणारं, पण पाणी झिरपू देणारं) अंथरायचं, त्यावर 40 एमएम खडी रोलरने दाबायची, वर 20 एमएम आणि ग्रिट (बारीक कच). मधला भाग जरा उंच, म्हणजे पाणी दोन्ही कडांना जाईल. सहा इंचांचा थर धरला तर 240 घनफूट, म्हणजे 2.4 ब्रास; दाबल्यावर खडी बसते म्हणून 3 ब्रास मागवणार. फाटकापाशी आडवं गटार आणि त्यावर लोखंडी जाळी.

कोकणातल्या पावसात ज्यांनी असं काम केलंय, त्यांनी कृपया सांगा. कापड विणलेलं घ्यावं की फेल्टसारखं? दोन्ही मिळतात, पण गाडीखाली नि चिकट मातीवर कुठलं टिकलं? गटार पालापाचोळ्याने तुंबू नये म्हणून जाळीची फट केवढी ठेवलीत? पायवाटेला जांभा चिरा नको, त्यावर शेवाळ धरतं आणि आई घसरेल. काळ्या दगडाच्या खडबडीत फरश्या मध्ये फट ठेवून बसवल्या तर चालतील का?

आणि सर्वांत तातडीचं : गणपतीची मूर्ती याच उतारावरून हातात धरून आणायची आहे. गावात पेंढा नाहीतर झावळ्या टाकतात, पण पेंढा कुजला की त्याचाच चिखल होतो. तोवर पाय रोवून चालता येईल असं काय अंथरावं?