उंचीपेक्षा मांड्यांचा जोर
सहा फुटांच्या आतला खेळाडू एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये) चिरडला जातो, असं एक मत आहे; मला ते पटलं नाही. मार्टिन सेंट लुई जेमतेम ५ फूट ८ इंच. ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणी घेतलं नाही, २००० साली कॅलगरी संघानेही सोडलं. टॅम्पा बे संघाकडून २००३-०४ मध्ये ९४ गुणांसह (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) तो लीगमध्ये पहिला आला, लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनले कपही जिंकला. २०१२-१३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, पुन्हा पहिला!

मैदानाच्या कडेच्या फळीजवळ झटापट होते तिथे मांड्या कामाला येतात. गुडघे खोल वाकवले की वजन खाली राहतं, धक्का बसला तरी स्केट सुटत नाही. पण शिफ्ट (बदली होईपर्यंतची बर्फावरची पाळी) ४५ सेकंदांच्या पुढे ताणली की पाय भरून येतात, गुडघे सरळ होतात आणि तोच गडी सहज आडवा होतो. दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करताना बदली खेळाडूंचा आपला बाक लांब पडतो आणि बाहेर यायला वेळ लागतो, तेव्हा तर हे हमखास.