बास्केटबॉलमध्ये गार्ड खेळणाऱ्या मुलाने दहावीनंतर अमेरिका गाठावी की इथल्याच कॉलेजात खेळावं? (ठाणे–नवी मुंबई)

ठाणे_बॅककोर्ट
दहावीचा निकाल लागला की घोडबंदरपासून खारघरपर्यंत एकच विचारणा सुरू होते: मुलगा चांगला पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू) आहे, अमेरिकेतल्या प्रेप स्कूलला (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खासगी शाळेला) पाठवावं का? माझं मत: पाठवू नका. बारावी इथे करा, मग मुंबई विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, आणि तिथून रेल्वेसारख्या खात्याचा संघ.

कारण गार्ड उशिरा पिकतो. सेंटरची (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची) उंची सोळाव्या वर्षी दिसते, गार्डची नजर दिसत नाही. स्टीव्ह नॅशला एकाच कॉलेजने शिष्यवृत्ती दिली, सांता क्लाराने. तो चार वर्षं तिथे राहिला, १९९६ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे २००५ आणि २००६ ला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. स्टेफ करीही एनबीएत जाण्याआधी डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात तीन वर्षं होता. फ्रेड व्हॅनव्हलीट चार वर्षं विचिटा स्टेटला खेळला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, आणि २०१९ मध्ये टोरोंटोबरोबर एनबीए विजेता झाला. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत पंचविशीपर्यंत खेळता येतं. इतका वेळ हातात असताना सोळाव्या वर्षी घर कशाला सोडायचं?

सीवूड्स_२४सेकंद
उदाहरणं खरी आहेत, पण ती तुमच्या विरोधात जातात. ते तिघं ज्या कॉलेजात पिकले तिथे मोसमाला तिसेक सामने होतात. सध्या तिथे प्रत्येक चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ असतं, तेवढ्यात शॉट घ्यावाच लागतो. आपल्याकडे शालेय स्पर्धा बाद पद्धतीची: महापालिका क्षेत्र, मग मुंबई विभाग, मग राज्य. पहिल्याच फेरीत हरलात तर वर्ष संपलं. त्यातून या स्पर्धा सुरू होतात पावसाळ्यात, नेमकं जेव्हा सोसायटीच्या आणि शाळेच्या सिमेंट कोर्टवर पाणी साचलेलं असतं. इनडोअर कोर्ट मिळवायचं तर बॅडमिंटनवाल्यांशी वेळेवरून ओढाताण.

बऱ्याच शालेय सामन्यांत २४ सेकंदांचं घड्याळच लावलेलं नसतं. मोठ्या शाळा पूर्ण कोर्ट प्रेस करतात (मैदानभर अंगावर येऊन दबाव टाकतात), चेंडू हिसकावून लेअप घालतात आणि सामना तिथेच संपतो. म्हणजे गार्ड चार-पाच वर्षं खेळतो, पण पिक अँड रोलमध्ये (सहकारी आडवा उभा राहून, म्हणजे स्क्रीन लावून, डिफेंडरला अडवतो आणि मग रिंगकडे वळतो) डिफेंडर स्क्रीनच्या खालून गेला तर थांबून शॉट, वरून आला तर रिंगकडे घुसणं, त्यांचा उंच खेळाडू पुढे आला तर त्याच्या पाठीमागे पास, हे वाचन त्याला सामन्यात करावंच लागत नाही. गार्ड उशिरा पिकतो हे मान्य, पण पिकायला सामने लागतात. नुसती वर्षं वाढून काय होणार?

नेरूळ_कोच
तुम्ही दोघं सोळाव्या वर्षापासून सुरुवात करताय. खरा घोळ बाराव्या वर्षी होतो.

पाचवी-सहावीच्या मुलाला ७ नंबरचा चेंडू आणि ३.०५ मीटरची रिंग. ताकद पुरत नाही म्हणून तो चेंडू कमरेजवळून, कोपर बाहेर काढून, दोन्ही हातांनी ढकलतो. बास्केट पडते, घरचे टाळ्या वाजवतात. सतराव्या वर्षी समोर लांब हातांचा डिफेंडर येतो आणि तोच शॉट छातीपाशी अडतो. फिबा या जागतिक संघटनेच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू ५ नंबरचा असतो, तो याचसाठी. रिंग खाली घेता येत नसेल तर निदान चेंडू तरी बदला.

शॉट बिघडलाच असेल तर दोन महिने थ्री पॉइंट बंद. रिंगपासून तीन-चार फुटांवर एका हाताने शॉट, दुसरा हात फक्त बाजूला. दहात आठ पडायला लागले की एक पाऊल मागे. ६.७५ मीटरच्या रेषेपर्यंत पोचायला वेळ जातो, आणि मुलं इथेच कंटाळतात.

आता प्रेसबद्दल. ८ सेकंदांच्या आत चेंडू मधल्या रेषेपलीकडे न्यायचा म्हणून आपला गार्ड साइडलाइनच्या कडेने पळतो, मधली रेषा ओलांडतो आणि तिथेच कोपऱ्यात ड्रिबल उचलतो. दोन डिफेंडर अंगावर, बाजूला साइडलाइन, मागे मधली रेषा. परत पाठीमागे जाता येत नाही. चारही बाजूंनी कोंडला. करायचं ते उलट: रेषेच्या अलीकडेच वेग कमी करायचा, ट्रॅप (दोन डिफेंडरांचा घेराव) चालून आला की दोन ड्रिबल मागे, चेंडू जिवंत ठेवायचा आणि मध्ये उभ्या सहकाऱ्याला पास. हे एवढं ठाण्यातही शिकवता येतं, त्याला अमेरिका लागत नाही.

ठाणे_बॅककोर्ट
कोचशी सहमत. सीवूड्स, सामने कमी आहेत हे मी नाकारत नाही. पण प्रेप स्कूलमध्ये नाव घातलं म्हणून सामन्यात मिनिटं मिळतात असं नाही. बेंचवर बसून कुणी पिकत नाही, आणि फी व राहण्याचा खर्च घरूनच जातो. इथे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीचं पदक असेल तर शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते, त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र सांभाळून ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी जुळत नसेल तर तिथे अडतं.

विशेष भृगुवंशी ओएनजीसीकडून खेळत भारताचा कर्णधार झाला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड ३६र्स क्लबने त्याच्याशी करार केला. देशात राहून बाहेरचं दार उघडतं.

कोपरी_पालक
भृगुवंशी सहा फुटांहून चांगलाच उंच आहे हेही लिहा. इथली बहुतेक मुलं पाच-नऊ, पाच-दहाची असतात, त्यांना तो हिशोब लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे तिच्या सर्वात वरच्या गटासाठी नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय मोजतात आणि किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) लागतो. म्हणजे दहावीच्या निकालानंतर विचार सुरू केला तर दोन वर्षांचे गुण आधीच ठरून गेलेत. अकरावीला इंटिग्रेटेड क्लास लावून कॉलेज फक्त कागदावर ठेवलं तर खेळही गेला आणि गुणही. मग बारावीनंतर जेईईसाठी एका वर्षाहून जास्त गॅप घेऊन वर क्लबकडून खेळत राहिलं तर पात्रतेचं वर्षही कापलं जाऊ शकतं.

आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूला कॉलेज बदलता येण्याची तिथली व्यवस्था) तिथले कोच अठरा वर्षांच्या नवख्या गार्डपेक्षा बावीस वर्षांचा तयार गार्ड घेणं पसंत करतात. परदेशी मुलांसाठी डिव्हिजन टू किंवा ज्युनियर कॉलेज जास्त वास्तव आहे. डिव्हिजन थ्रीला खेळाची शिष्यवृत्ती नसतेच.

सीवूड्स_२४सेकंद
पोर्टलचा मुद्दा मान्य. प्रेप स्कूलचा आग्रह मी सोडतो, पण ‘इथेच थांबा’ हेही मला पटत नाही. बारावीपर्यंत इथे राहायचं तर सामने विकत घेतल्यासारखे शोधावे लागतील: रविवारी ट्रान्स-हार्बर पकडून ठाण्याच्या मुलांनी वाशी-नेरूळला यायचं, मोठ्यांच्या संघाशी खेळायचं, घड्याळ नसेल तर बाहेरच्या मुलाने २४ पासून मोठ्याने उलटं मोजायचं. आक्रमक रिबाउंड मिळाला की १४ पासून. बाजूने दोन मोबाइल, एक पूर्ण कोर्ट दिसेल असा उंचावर.

आणि परदेशी कोचला पाठवायचं तर निवडक बास्केटची चित्रफीत नको. दोन पूर्ण सामने, न कापता, जर्सीचा रंग आणि नंबर लिहून. गार्डचा चेंडू गेल्यावर तो डोकं खाली घालतो की पळत मागे येतो, हे त्यांना बघायचं असतं.

नेरूळ_कोच
मोबाइल बेसलाइनमागे लावा, बाजूला नको. बाजूने स्क्रीनचा कोन कळत नाही, डिफेंडर वरून आला की खालून तेही नीट दिसत नाही.