ठाणे ते बंगळुरू गाडी पाठवायची आहे, तातडीने मदत हवी

घोडबंदरकर: शनिवारपर्यंत गाडी निघायलाच हवी. जिथे विचारावं तिथे वेगळाच दर. खात्रीचा मार्ग सांगा. 'गुगल करा' नको.

कळव्याचा_कट्टा: गाडी म्हणजे? बुलेट की इनोव्हा?

रानभैरी: कोकण रेल्वेची रो-रो, म्हणजे अख्खी गाडीच रेल्वेवर चढवून नेतात! ट्रकसाठी १९९९ पासून आहे, २०२५ च्या गणपतीत कारसाठीही कोलाड ते वेर्णा सुरू केली. तेव्हा कारमागे ७८७५ रुपये होते. ना घाट, ना खड्डे.

कळव्याचा_कट्टा: अहो, वेर्णा गोव्यात. पुढे काय ढकलत नेणार?

घोडबंदरकर: अ‍ॅक्टिव्हा आहे हो. कारचं कोण बोललं?

ऐरोलीकर: मग रेल्वेच. त्याच गाडीचं तुमचं तिकीट असेल तर लगेज, नाहीतर पार्सल. लगेज महाग, पण सहसा तुमच्यासोबतच पोचते. पार्सल जागा मिळेल तेव्हा जातं. टाकी पूर्ण रिकामी करा, पेट्रोल सापडलं तर दंड. आरसी, विमा, ओळखपत्राच्या झेरॉक्स न्या. गोणपाटात बांधून घ्या, नाव-पत्त्याचा पुठ्ठा हँडलला घट्ट बांधा. ठाण्याला गाडी जेमतेम थांबते, सीएसएमटीहूनच चढवा.

पनवेलकरीण: रिकाम्या टाकीची स्कूटर तिकडे पंपापर्यंत ढकलायची कोणी? त्यापेक्षा कळंबोलीला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चौकशी करा. दारातून दारात.

ऐरोलीकर: दारातून दारात! आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याने पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद. गाडी आली, तर उतरवायचे वेगळे पैसे द्या म्हणे. आरसा तुटलेला, तो 'आधीपासूनच' होता.

पनवेलकरीण: म्हणून तर द्यायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढायचे, मीटरच्या आकड्यासकट. ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा, आहे का ते पावतीवर लिहून घ्यायचं. आणि दर ठरवतानाच चढवणं-उतरवणं धरून विचारायचं.

मिसळ_पाव_किलो: चालवतच न्या की! पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, जुन्या हायवेने जा. कोल्हापुरात मुक्काम, तांबडा-पांढरा.

कळव्याचा_कट्टा: हजारेक किलोमीटर अ‍ॅक्टिव्हावर? मग माणूसच पार्सल करावा लागेल.

वाशी_आरटीओ_पीडित: बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी ठाण्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. इथे असतानाच अर्ज टाका.

घोडबंदरकर: एनओसीचं विचारलंच नाही मी. बरं, माझं विमानाचं तिकीट आहे, म्हणजे पार्सलच ना? आणि आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते नागपूरला असतात. चालेल?

ऐरोलीकर: हे आता सांगताय? त्यांच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत आजच मागवा. आणि उद्या सकाळी पार्सल ऑफिसला जाऊन एकदा विचारून या, स्कूटर न घेता.