रोजच्या वापरातल्या फिक्स्ड-गिअर सायकलचे कोणते भाग आधी बदलावेत?

चाकोरी (प्रश्न)

नमस्कार. मी कामावर जाण्या-येण्यासाठी फिक्स्ड-गिअर सायकल वापरतो, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते अशी. एका बाजूचे अंतर साधारण १२ किलोमीटर असून वाटेत बरेच सिग्नल, एक लांब उड्डाणपूल आणि मधूनमधून खडबडीत रस्ता लागतो. सायकल विकत घेतली तशीच आजही आहे: ७००सी चाके, २५ मिमीचे टायर, पुढे ४८ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चाक), मागे १६ दात्यांचा कॉग (मागच्या चाकावरचे दातेरी चाक), १६५ मिमी लांबीच्या क्रँक (पेडल धरणारे दांडे) आणि पट्टे लावलेली सपाट पेडल. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) एका बाजूला फिक्स्ड कॉग बसतो आणि दुसरी बाजू फ्रीव्हीलसाठी, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या कॉगसाठी आहे. फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दुफाट्याला) ब्रेकसाठी भोक आहे, पण त्यावर ब्रेक बसवलेला नाही. थांबण्यासाठी मी पेडल मागे रोखून धरतो किंवा मागचे चाक घसरवतो.

सिग्नलवरून निघताना गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला ताण जाणवतो. मागचा टायर एकाच ठिकाणी इतका झिजला आहे की आतला धागा दिसू लागला आहे, मात्र उरलेला टायर जवळपास नव्यासारखा आहे. हलकी चाके घेतली तर सायकल चटकन वेग घेईल आणि गुडघ्यांनाही आराम पडेल असे मला वाटते, म्हणून सुरुवात चाकांपासून करावी असा विचार आहे. सगळे एकदम बदलणे शक्य नसल्यामुळे कोणत्या भागाचा फरक रोजच्या प्रवासात खरोखर जाणवेल आणि कोणता क्रम योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वंगण

टायर एकाच ठिकाणी झिजण्यात टायरचा काहीच दोष नाही; ४८ आणि १६ या जोडीचा तो सरळ परिणाम आहे. ४८ ला १६ ने भागले की बरोबर ३ येतात, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक नेमके तीनदा फिरते. स्किड करताना, म्हणजे मागचे चाक अडवून घसरवताना, क्रँक नेहमी जवळजवळ आडव्या असतात आणि बहुतेकांचा ठरावीक पायच पुढे असतो, त्यामुळे चाक अडवताच प्रत्येक वेळी टायरचा तोच भाग रस्त्यावर घासतो. याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यावे. छेदात जो आकडा उरतो तितक्या वेगवेगळ्या जागी झीज वाटली जाते. ४८/१६ मध्ये छेद १ उरतो. ४८/१८ चे ८/३ होतात म्हणून तीन जागा मिळतात, तर ४८/१७ आणि ४८/१९ यांना सामाईक अवयवच नसल्याने अनुक्रमे १७ आणि १९ जागा मिळतात. दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवता येत असतील आणि संक्षिप्त रूपातला अंश विषम असेल, तर जागा दुप्पट होतात; तुमच्या जोडीत त्या फार तर दोन होतील, एवढाच लाभ.

गुडघ्यांच्या ताणाचे मूळही बहुधा याच जोडीत आहे. थांबलेली सायकल हलवताना ४८/१६ वर जेवढा जोर लागतो त्यापेक्षा ४८/१९ वर सुमारे १६ टक्के कमी लागतो. याच्याशी हलक्या चाकांची तुलना करून पाहा. रिम आणि टायर मिळून ३०० ग्रॅम वजन कमी केले, तर फिरत्या वस्तुमानाचा परिणाम धरून वेग घेताना ते फार तर ६०० ग्रॅमइतके मोजावे लागेल. चालक आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर हा लाभ एक टक्काही भरत नाही. जो फरक तुम्ही चाकांकडून अपेक्षिता तो एका पोलादी कॉगमध्ये मिळतो, आणि सायकलच्या सर्वात स्वस्त भागांपैकी तो एक आहे. मात्र खोगीर फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असाच ताण येतो, त्यामुळे कॉग बदलण्याआधी त्याची उंची एकदा तपासून घ्यावी.

याची किंमत वेगात मोजावी लागते, तीही पाहू. ७०० × २८ टायरचा परीघ सुमारे २.१४ मीटर धरला, तर मिनिटाला ८० फेऱ्यांवर ४८/१६ ताशी ३१ किलोमीटरच्या जवळ नेते, ४८/१७ सुमारे २९ आणि ४८/१९ सुमारे २६. सिग्नलांनी भरलेल्या रस्त्यावर सरासरी वेग थांब्यांवर ठरतो, त्यामुळे या फरकाने तुम्ही कामावर उशिरा पोहोचाल असे मला वाटत नाही. माझे मत ४८/१९ च्या बाजूने आहे.

उतरण

वंगण यांचे गणित अचूक आहे, परंतु क्रम मला मान्य नाही. पहिला खर्च पुढच्या ब्रेकवर व्हावा आणि तो बसेपर्यंत बाकी कशाचाही विचार करू नये.

वेग कमी होत असताना शरीराचा आणि सायकलचा भार पुढच्या चाकावर सरकतो व मागचे चाक हलके होत जाते. जितक्या जोरात थांबावे तितकी मागच्या चाकाची पकड कमी होते, म्हणूनच पाय कितीही भक्कम असले तरी केवळ मागच्या चाकावर थांबायला लागणारे अंतर चांगल्या पुढच्या ब्रेकच्या जवळपास दुप्पट असते. चाक घसरू लागल्यावर तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण घसरणाऱ्या रबराची पकड फिरत्या चाकाच्या कमाल पकडीपेक्षा कमी असते आणि त्या क्षणी मागची बाजू कोठे जाईल यावर फारसे नियंत्रण राहत नाही. ओल्या रस्त्यावर हे सगळे अधिक तीव्रतेने घडते. यात एक गोष्ट उरतेच: चेन निसटली किंवा तुटली, तर पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड-गिअर सायकलला थांबवण्याचे एकही साधन हातात राहत नाही.

तुमच्या फोर्कला भोक आहे ही मोठी सोय आहे. भोकाच्या मध्यापासून रिमवरच्या ब्रेक पॅडच्या जागेच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. ते ३९ ते ४९ च्या दरम्यान असेल तर आखूड पोहोचेचा कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) लागेल आणि ४७ ते ५७ च्या दरम्यान असेल तर मध्यम पोहोचेचा. पुढे रुंद टायर किंवा मडगार्ड बसवायचे असेल आणि मोजमाप परवानगी देत असेल, तर मध्यम पोहोचेचाच घ्यावा. पुढच्या रिमच्या बाजू सपाट आणि धातूच्या आहेत का, हेही पाहा. बाजूंवरही रंगाचा थर असेल तर पॅड तो खरवडतील आणि तो निघून जाईपर्यंत ब्रेक नीट लागणार नाही.

दात्यांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. पुढचा ब्रेक बसल्यावर रोजच्या प्रवासात स्किड करण्याची गरज जवळपास उरत नाही, त्यामुळे झिजेच्या जागांच्या हिशेबावरून ४८/१८ बाद करण्याचे कारण नाही. शिवाय उड्डाणपूल जितका चढायचा तितकाच उतरायचाही आहे. ताशी ४० किलोमीटरने उतरताना ४८/१६ वर पाय मिनिटाला सुमारे १०४ फेऱ्या करतात, ४८/१९ वर त्याच वेगाला जवळपास १२४ होतात. सवय नसलेल्याला १२४ फेऱ्यांवर खोगीरावर स्थिर बसणे अवघड जाते, आणि फिक्स्ड-गिअर सायकलवर पाय थांबवण्याची मुभा नसते. उतारावर ब्रेकने वेग धरून ठेवायची तयारी असेल तर १९ घ्यावा. नसेल तर १७ किंवा १८ हा मधला मार्ग आहे.

पट्ट्यांबाबतही एक सुचवतो. त्यांत पाय घट्ट धरला जात नसेल तर रुंद कापडी पट्टे किंवा क्लिपचे बूट यांपैकी एक निवडावे. वेगात असताना पाय पेडलवरून सुटला तर पेडल फिरतच राहते आणि पोटरीवर आपटते.

चाकोरी

दोघांचेही मनापासून आभार. ब्रेक आधी आणि त्यानंतर कॉग हे मला पटले. आता तीन शंका आहेत. १६ च्या जागी १९ बसवला तर आताचीच चेन पुरेल का? टायर २८ किंवा ३२ मिमीचे घेता येतील का, आणि त्यावर मडगार्ड बसेल का? तिसरी शंका आवाजाची. पेडलवर जोर दिला की चेनमधून एकसारखी घरघर ऐकू येते. तेल घालूनही ती जात नाही.

कारागीर

घरघरीपासून सुरुवात करतो, कारण नवा कॉग बसवण्याआधी तिचे कारण सापडले पाहिजे. बहुतेक वेळा अशी घरघर चेनची रेषा तिरकी असल्यामुळे येते. फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगच्या दात्यांपर्यंतचे अंतर आणि त्याच मध्यरेषेपासून कॉगच्या दात्यांपर्यंतचे अंतर सारखे असले पाहिजे. ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्स्ड कॉगच्या हबवर, मागचे अंतर बहुधा ४२ मिमीच्या आसपास असते. पुढचे अंतर याहून दोन-तीन मिमी जास्त भरले, तर चेनरिंग क्रँकच्या आतल्या बाजूला बसवता येते का ते पाहावे, किंवा कमी लांबीच्या दांड्याचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेममधला दांडा आणि बेअरिंग) घ्यावा. सममित दांडा २ मिमीने आखूड घेतला की चेनरिंग १ मिमी आत येते. चौकोनी टोकाच्या दांड्यांचे जेआयएस आणि आयएसओ असे दोन प्रकार आहेत. क्रँक ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारचा दांडा घ्यावा, नाहीतर ती ठरलेल्या जागी बसत नाही आणि सगळे मोजमाप वाया जाते.

कॉग बदलताना खरी काळजी लॉकरिंगची, म्हणजे कॉग जागेवर धरणाऱ्या कड्याची, घ्यायची असते. कॉग उजव्या (नेहमीच्या) आट्यांवर बसतो आणि त्याच्या बाहेरची लॉकरिंग डाव्या (उलट्या) आट्यांवर बसते. पेडल मागे रोखल्यावर कॉग सैल व्हायला पाहतो, तेव्हा तो लॉकरिंगला सोबत फिरवू लागतो. तिचे आटे उलटे असल्यामुळे त्या फिरण्याने ती अधिकच घट्ट होते. फ्रीव्हीलच्या बाजूला असे उलटे आटे नसतात. तिथे फिक्स्ड कॉग घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पाय मागे रोखण्याच्या एखाद्या क्षणी तो निसटू शकतो. आटे चिकटवण्याचे रसायन लावूनही ती बाजू फिक्स्ड कॉगसाठी वापरू नये, हे मी आग्रहाने सांगतो. नवा कॉग लावण्यापूर्वी हबचे आटे स्वच्छ पुसून ग्रीस लावावे, चेनव्हिपने (चेनचा तुकडा जोडलेल्या दांड्याने) कॉग पूर्ण जोर देऊन आवळावा, मग हुकासारख्या टोकाच्या पान्याने लॉकरिंग आवळावी. थोडा चढ चढून आल्यावर कॉग आणखी किंचित घट्ट बसतो आणि लॉकरिंग त्या मानाने सैल होते, म्हणून ती पुन्हा आवळणे आवश्यक आहे. सगळ्या कंपन्यांच्या लॉकरिंग सगळ्या हबवर बसत नाहीत. हबसोबत आलेली लॉकरिंग चांगली असेल तर तीच ठेवावी.

आता चेन. कॉगचा एक दाता वाढला की त्याच चेनवर मागचा ॲक्सल (चाकाचा आस) सुमारे ३.२ मिमी पुढे सरकतो. १६ वरून १९ वर जाताना तो साडेनऊ मिमीच्या आसपास पुढे येईल. तुमच्या ड्रॉपआउटच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या टोकात ॲक्सल बसतो त्याच्या, खाचेत तेवढी जागा आहे का आणि पुढे आलेला टायर सीटच्या नळीला लागत नाही ना, हे आधी पाहा. जागा नसेल तर एक इंच चेन वाढवावी लागेल. त्याने ॲक्सल १२.७ मिमी मागे जातो, म्हणजे आजच्या जागेपेक्षा जेमतेम ३ मिमी मागे. जुनी चेन ताणली गेली असेल तर वाढवत बसू नये, नवीन कॉगबरोबर नवीन चेनच घ्यावी. रुंदीचे दोन प्रकार आहेत: १/८ इंच आणि ३/३२ इंच. १/८ ची चेन ३/३२ च्या दात्यांवर चालते, उलट चालत नाही. नेमके माप ठाऊक नसेल तर १/८ घेणे सुरक्षित आहे.

चेन बसवल्यावर क्रँक सावकाश पूर्ण फिरवून चेन कोठे सर्वात घट्ट होते ते शोधावे आणि त्या जागी ती मध्यावर वर-खाली सुमारे एक सेंटिमीटर हलेल इतकी ढील ठेवावी. चेनरिंग क्वचितच अगदी गोल आणि मध्यावर बसलेली असते, त्यामुळे ढिल्या जागी मोजून आवळलेली चेन पुढच्या अर्ध्या फेऱ्यात बेअरिंगवर ताण देते. हे करताना किंवा चेन पुसताना चाक वेगाने फिरत असता कामा नये. फिक्स्ड चाक स्वतःच्या वेगाने चेन ओढत राहते. फडके आणि त्यामागे बोट कॉगमध्ये ओढले गेले तर बोट तुटू शकते. चाक हाताने थोडेथोडे सरकवत, कॉगपासून दूर, खालच्या चेनवर फडके धरावे.

टायरसाठी २८ मिमी बहुतेक फ्रेममध्ये बसतो. ३२ साठी फोर्कच्या वरच्या भागात, ब्रेकखाली आणि मागच्या दोन नळ्यांमध्ये प्रत्येक बाजूला निदान ४ मिमी जागा मोकळी राहते का ते मोजूनच ठरवावे. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, आणि खडबडीत रस्त्यावर हातांना व कमरेला जो आराम मिळतो तो महागड्या हँडलने मिळणार नाही. पंक्चर रोखणारा पट्टा असलेला टायर घ्यावा, निदान मागे तरी.

मडगार्डची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. तुमच्या ड्रॉपआउटची खाच मागच्या बाजूला उघडी असेल, तर चाक काढण्यासाठी ते मागे ओढावे लागते आणि टायरला चिकटून बसवलेले मडगार्ड तिथे आडवे येते. त्यामुळे मागच्या मडगार्डमध्ये चाक सरकण्याइतकी जागा सोडावी, किंवा चटकन निघणारे अर्धे मडगार्ड वापरावे. पुढचे मडगार्ड लावल्यावर सावकाश वळताना बुटाचे टोक त्याला लागते का, हे मोकळ्या जागेत तपासावे. साध्या सायकलवर पाय थांबवून ते टाळता येते, इथे टाळता येत नाही.

उतरण

कारागीर यांनी सांगितलेल्या अवजारांत फक्त १५ मिमीच्या पान्याची भर घालतो. फिक्स्ड-गिअर सायकलच्या मागच्या चाकाचे नट सहसा त्याच मापाचे असतात. पंक्चर झाल्यावर तो पाना सोबत नसेल तर चाकच निघणार नाही. खाचेत ॲक्सल पुढे घसरत असेल तर चेन टग (ॲक्सल मागे ओढून धरणारे स्क्रू) जोडीने बसवून घ्यावेत.

वंगण

उताराच्या मुद्द्यावर मी माझे मत बदलतो. उतारावर ब्रेकने वेग धरण्याची सवय होईपर्यंत १७ दात्यांचा कॉग अधिक योग्य ठरेल. चढावर आणि सिग्नलवर तो आताच्या १६ पेक्षा सुमारे ६ टक्के हलका पडेल, आणि ॲक्सल फक्त ३ मिमीच सरकणार असल्यामुळे चेनची लांबी बदलावी लागण्याची शक्यता कमी आहे. तेवढ्याने गुडघ्यांचा ताण कमी झाला नाही, तर पुढच्या वेळी १९ घ्यावा. हब आणि लॉकरिंग तीच राहतील.