मदत हवी आहे: उड्या-कोलांट्याही असतील आणि प्रसंगी कामालाही येईल अशी मार्शल आर्ट कोणती? (दादर ते मुलुंड)

नमस्कार मंडळी,

वय 29, राहते मुलुंडला, ऑफिस लोअर परळला. सुटायला रात्रीचे नऊ वाजतात, मग करी रोडपर्यंत चालत आणि तिथून स्लो लोकल. शनिवार-रविवार मोकळे असतात. मार्शल आर्ट शिकायची हे पक्कं ठरलंय, पण कोणती, यावर दोन महिने गाडी अडलीये.

थोडं मागचं सांगते. तिसरीपासून दहावीपर्यंत मी दोरीचा मल्लखांब केला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची, तिथला घट्टा अजून गेलेला नाही. पावसाळ्यात ओल्या चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासतो. दहावीला क्लास सुटला, उलटं होण्याची ओढ मात्र तशीच राहिली. गच्चीवर कोणी नसेल तर आजही हातांवर उभी राहते. म्हणून जे शिकेन त्यात उडी, गिरकी, कोलांटी हवीच. नाहीतर चार महिन्यांत माझं मन उडेल, हे मला ठाऊक आहे.

आता दुसरं. जूनमध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना एकाने मागून माझं मनगट धरून ओढलं. मी दोन पायऱ्या खाली पडले. पडताना हनुवटी आपोआप छातीला टेकली, अंग गोल झालं, डोकं आपटलं नाही. तेवढं जुन्या सरावाने वाचवलं. पण मनगट काही सुटेना. मी दोन्ही हातांनी मागे ओढत राहिले, तोंडातून आवाजच फुटला नाही. वरून माणसं उतरायला लागली तेव्हा त्याने सोडलं. अंगात एवढी ताकद असून आपल्याला साधा हात सोडवता आला नाही, हे डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून चार ठिकाणी ट्रायल क्लास केले.

कापोएरा या ब्राझीलच्या मार्शल आर्टच्या तर प्रेमातच पडले. जिंगा म्हणजे सतत डोलणारं पाऊल; त्यातूनच चक्री कोलांटी निघते, त्यातूनच जमिनीला हात टेकवून फिरवलेली लाथ. बेरिंबाऊ हे त्यांचं धनुष्यासारखं वाद्य वाजायला लागलं की हलगी ऐकल्यासारखे पाय उचलतात. घरी येऊन वाचत बसले, तर माझाच प्रश्न तिथे नव्वद वर्षांपूर्वी पडलेला! ब्राझीलमध्ये 1890 च्या दंडसंहितेने कापोएराला गुन्हा ठरवलं होतं. पुढे कापोएराचे गुरू मेस्त्रे बिंबा यांना वाटलं की ही विद्या आता दाखवण्यापुरतीच उरत चाललीये, म्हणून त्यांनी 1932 मध्ये साल्वादोरला स्वतःची शाळा काढली आणि झुंजीवर भर दिला. आपल्या मल्लखांबाचंही तसंच नाही का? बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो पुन्हा उभा केला तो पैलवानांचं अंग तयार व्हावं म्हणून. कसरत आणि झुंज मुळात एकत्रच होत्या, असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या जिन्यावर माझ्या दोन्ही बाजूंना मिळून हातभर जागा होती. तिथे कोलांटी कुठे मारणार?

तायक्वांदोच्या लाथा बघत राहाव्यात अशा. पण ऑलिंपिकच्या नियमांत तोंडावर ठोसा चालत नाही, त्यामुळे सरावात मुलांचे हात खालीच राहतात, आणि धरून ठेवणारं तर कोणी नसतंच. वुशू या चिनी प्रकारात ताओलू म्हणजे उड्यांची मांडणी आणि सांदा म्हणजे ठोसे, लाथा, पाडणं, असं दोन्ही आहे. मी गेले त्या बॅचला फक्त ताओलू शिकवतात.

चौथा होता 'सेल्फ डिफेन्स' कोर्स. सरांनी रबरी सुरा हिसकावून दाखवला. मी जोडीदारणीला म्हटलं, घट्ट धर, सोडू नकोस. तर सर म्हणाले, "असं धरायचं नाही, मग टेक्निक लागत नाही." मी परत गेले नाही.

तर सुरुवात कशाने करू? कापोएरा पक्का करून मग दुसरं जोडावं की उलट? आणि क्लास चांगला आहे हे बाहेरून कसं ओळखायचं?

प्रतिसाद

ताई, मी अकरा वर्षं ज्युदो करतोय, त्यामुळे माझं माप तिकडे झुकणारच. पण तुम्हीच लिहिलंय, पडलात आणि डोकं वाचलं. ज्युदोत सुरुवातीला उकेमी, म्हणजे पडणंच शिकवतात. तुम्ही ते निम्मं घेऊन येताय. आणि जिन्यावर हाताच्या अंतरावरच झटापट होते, ज्युदो तिथलाच.

मनगटाचं सांगतो. मागे ओढायचं नाही. समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात ती फट सगळ्यात कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवा, एक पाऊल त्याच्याकडे टाका, कोपर त्याच्या दिशेने नेत अंगाच्या वजनाने हात काढा. दर वेळी "सोड!" असं ओरडून करा, आवाजही सरावानेच फुटतो. सुटला की थांबायचं नाही, माणसं असतील तिकडे पळायचं.

क्लास बघायला गेलात की रांदोरी, म्हणजे मोकळ्या झुंजीचा सराव बघा. दोघंही एकमेकांना पाडायला बघतायत, कोणी मुद्दाम पडत नाहीये, असं दिसलं तर नाव घाला. ज्युदोत ठोसे-लाथा नाहीत, ही उणीव खरीच. वर्षभराने बॉक्सिंग किंवा सांदा जोडा. कापोएरा रविवारचा ठेवाच. आवडीचं काही नसेल तर शनिवारचं मार खाणंही सुटतं.

धागाकर्ती

खूप आभार दादा. काल रात्री भावाला मनगट धरायला लावलं आणि सोडायचं नाही म्हणून बजावलं. तीनदा नाही सुटलं. चौथ्यांदा पाऊल पुढे टाकलं आणि हात बाहेर. "सोड" एवढ्या जोरात ओरडले की आई पोळी तव्यावर टाकून धावत आली. मग तिलाही शिकवलं.

शनिवारी दादरला एक ज्युदोचा वर्ग बघायला जातेय. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, लगेच घ्यावा लागतो, की पहिला महिना ट्रॅक पँटवर चालतं?