नव्या स्टार्टअपची इलेक्ट्रिक कार घ्यावी का? (दर्यापूर भाग) सल्ला हवा

कपाशीवाला
रोजचं दर्यापूर-अमरावती जाणं-येणं, शंभरेक किलोमीटर. एका नव्या स्टार्टअपच्या छोट्या इलेक्ट्रिक कारचं बुकिंग सुरू आहे. किंमत मोठ्या कंपन्यांपेक्षा बरीच कमी, पण सर्व्हिस सेंटर थेट पुण्यात. घरी सिंगल फेज, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. शेतात पंपाचं थ्री फेज आहे, त्यावर चार्ज केली तर जमेल का? आणि कंपनी उद्या बसली तर गाडीचं काय? जाणकारांनी सांगा जी.

वऱ्हाडी_ईव्ही
भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथंच आहे. कंपनी बसली म्हणून मोटर थांबत नाही. थांबतं ते सॉफ्टवेअर आणि सुटे भाग. फिस्कर या अमेरिकी कंपनीची ओशन ही इलेक्ट्रिक कार बघा: ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्नाच्या कारखान्यात बनायची, २०२३ मध्ये ग्राहकांना मिळू लागली आणि जून २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. उरलेल्या तीनेक हजार गाड्या न्यूयॉर्कच्या एका भाडे कंपनीनं घाऊक घेतल्या, तर गाड्यांचा डेटा फिस्करच्या सर्व्हरवरून दुसरीकडे हलवता येईना. पाण्याचा पंप आणि दाराच्या हँडलचे रिकॉलही (दोष काढायला गाड्या परत बोलावणं) त्याच वर्षातले. संस्थापक हेन्रिक फिस्करची ही दुसरी खेप होती. पहिल्या कंपनीच्या कर्मा गाडीला बॅटरी पुरवणारी ए१२३ ही २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुरवठादार एकच, त्यामुळे बॅटरीच मिळेना, आणि पुढच्या वर्षी फिस्करची ती पहिली कंपनीही गेली.

टेस्लासुद्धा २००८ च्या शेवटी खडखडाटावरच होती. रोडस्टर या तिच्या पहिल्या गाडीचा दोन गिअरचा गिअरबॉक्स टिकेना म्हणून एका गिअरवर यावं लागलं. २००९ मध्ये डाइम्लरचे ५ कोटी डॉलर आले, मग अमेरिकी सरकारचं ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज, म्हणून तरली. आपल्याकडची रेवा २००१ ला बंगळुरूत आली, ६ व्होल्टच्या ८ लेड-ॲसिड बॅटऱ्या, ८० किलोमीटर रेंज. २०१० मध्ये महिंद्रानं घेतली, म्हणून मालकांना दार ठोठावायला जागा तरी राहिली. गाडी किती देखणी यापेक्षा मागं कोण उभं आहे ते बघायचं.

बुकिंगआधी लेखी घ्या: एआरएआय किंवा आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र आहे का, आणि गाडी कार म्हणून पास झाली की क्वाड्रिसायकल (कारपेक्षा हलका चारचाकी वर्ग) म्हणून. क्वाड्रिसायकलला कारचे क्रॅश नियम तसेच्या तसे लागत नाहीत, आणि अमरावती रोडवर ट्रकांमध्ये रोज चालवायची आहे. ऑनबोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेला) आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) कोणत्या कंपनीचे? बाजारात मिळणारे असतील तर उद्या कोणीही बदलून देईल, स्वतःचेच घडवलेले असतील तर गाडी भंगारात. मोबाइल ॲपशिवाय, नेट नसताना चावीनं गाडी सुरू होते का, हे समोर करून दाखवायला लावा. बॅटरीच्या ८ वर्षांच्या वॉरंटीवर भिस्त ठेवू नका, दिवाळखोरीत बँकांचं आधी, गाडीमालकाचं बरंच मागून.

वायरमन_अकोट
पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावूच नका. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, आकारणी दुप्पट दरानं.

घरच्या मीटरचा मंजूर भार वाढवा. ३.३ किलोवॅटचा चार्जर १४ अँपिअर ओढतो. कूलर, फ्रिज धरून ५ किलोवॅट मागा. मीटरपासून वेगळी लाइन, तांब्याची ४ चौरस मिमी. २५ मीटरला तिच्यात ३ व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरमध्ये ५. वर २० अँपिअरचा, ३० मिलीअँपिअर गळतीला पडणारा टाइप-ए आरसीबीओ (गळती आणि जास्त भार दोन्हीला पडणारा ब्रेकर). सॉकेट जडच घ्या. हलक्या सॉकेटचे मागचे स्क्रू तापून ढिले होतात, प्लास्टिक आधी पिवळं आणि मग काळं पडतं. महिन्यातून एकदा मेन बंद करून स्क्रू आवळा.

शंभर किलोमीटरला नुकसान धरून १५ युनिट समजा. व्होल्टेज पूर्ण असेल तर साडेचार तास, १८० वर सहा. म्हणून रात्री उशिराचा टायमर लावा.

आता अर्थिंग. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, अर्थिंगचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप लवकर कुजतो. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळून रॉडपासून सुटते आणि चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून बंद पडतो. तांब्याचा थर असलेला ३ मीटरचा रॉड ठोका, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा. मीठ-कोळसा नको, खाऱ्या जमिनीत आणखी मीठ काहून टाकता? मार्चपासून खड्ड्यात पाणी सोडत राहा. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर ३ व्होल्टच्या आत दाखवला पाहिजे. जास्त आलं तर आधी न्यूट्रलचा जोड बघा, खड्डा नंतर.

वऱ्हाडी_ईव्ही
वायरमनभाऊंनी सगळं सांगितलंच. उन्हाचं तेवढं जोडतो. ४५ अंशात अमरावतीहून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, दोन-तीन तास सावलीत निवू द्या. बॅटरीत एलएफपी (लोह-फॉस्फेटवाला लिथियम) सेल असेल तर उत्तम, उष्णतेत तो एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला) सेलपेक्षा जास्त सोसतो. आणि गाडी एकदम "मेली" तर मोठ्या बॅटरीवर संशय घेऊ नका, बहुतेक वेळा १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसलेली असते. ती गावातल्या बॅटरीवाल्याकडे मिळते. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना मात्र हात नाही.

कपाशीवाला
समजलं भाऊ. मग नामांकित कंपनीची सेकंडहँड बघू का?

सेकंडहँड_यवतमाळ
बघा, पण टॅक्सीच्या ताफ्यातून निघालेली असेल तर ती रोज फास्ट चार्जिंगवर पळालेली असते. मीटरवरच्या रेंजच्या आकड्यावर जाऊ नका. गाडी १० टक्क्यांवर आणा, सबमीटर लावून १०० पर्यंत भरा. २६ युनिटची बॅटरी असेल तर नुकसान धरून २६ च्या आसपास युनिट जायला हवेत. २१ वरच भरली तर पाचवा हिस्सा गेला समजा, तेवढे पैसे पाडून मागा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर निम्म्या चार्जवर, गाडी उभी असताना सेलांच्या व्होल्टेजमधला फरक बघा. ३० मिलीव्होल्टच्या वर असेल तर सोडून द्या. दुसऱ्या राज्यातली असेल तर आरटीओची एनओसी आणि आरसीवर कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका.