अनुभव धागा : एकच जुने विमान पदरात पडणार असेल, तर कोणते?

एप्रिल २०१८ मध्ये डकोटा जातीचे एक जुने मालवाहू विमान ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भंगारात निघालेले ते विमान स्वखर्चाने घेतले, दुरुस्त करवले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचेच वैमानिक होते. विमानाला ‘परशुराम’ हे नाव मिळाले आणि शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला गेला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीच्या जवानांना श्रीनगरला नेणाऱ्या डकोटाचा तो क्रमांक होता.

ही बातमी वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे आणि तो आज आपल्या सर्वांपुढे ठेवत आहे. जुन्या किंवा लष्करी विमानांपैकी एकच विमान आपल्या मालकीचे होणार असेल, तर आपण कोणते मागाल? पैशाचा विचार बाजूला ठेवावा. मात्र दोन गोष्टी अवश्य लिहाव्यात : त्या विमानाशी आपला संबंध कसा आला, आणि ते हाती आल्यावर आपण त्याची निगा कशी राखाल. वेग, उंची आणि शस्त्रांचे तक्ते कुठेही मिळतात. मला ऐकायचे आहे ते विमानाजवळ उभे राहिलेल्या माणसांकडून.

नाशिकजवळच्या ओझरहून, मिग विमानांच्या कारखान्यातील निवृत्त कर्मचारी

माझे उत्तर मिग-२१ हेच असणार, हे ओझरचे नाव वाचताच आपल्या लक्षात आले असेल. या विमानाचा सांगाडा आमच्याकडे, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी होती. बाहेरचे लोक सगळ्यांना सरसकट ‘मिग’ म्हणत. आम्ही मात्र टाइप ७७, टाइप ९६ आणि टाइप ७५ असेच बोलत असू. ही सगळी मिग-२१ चीच रूपे : टाइप ७७ म्हणजे मिग-२१ एफएल आणि टाइप ७५ म्हणजे मिग-२१ बिस. मला टाइप ७७ हवे आहे, कारण त्याची पाठ सडपातळ आहे आणि बाजूने पाहिले की या विमानाची मूळ रेषा त्यात सर्वांत स्वच्छ दिसते.

लोकांना त्याचा वेग आठवतो, मला त्याचा आवाज आठवतो, आणि तोही इंजिनाचा नव्हे. मिग-२१ चे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि त्यांची कळ वैमानिकाच्या हातातील दांड्यावरच असते. विमान जमिनीवर वळू लागले की दाबलेली हवा सुटल्याचा फुस्स-फुस्स आवाज येत राहतो. हँगरमध्ये पाठमोरे उभे असतानाही तेवढ्यावरून कोणते विमान आले, हे कळत असे. नाकातला तो शंकूही केवळ शोभेचा नाही. वेग बदलेल तसा तो पुढे-मागे सरकतो आणि इंजिनाला किती व कशी हवा मिळावी, हे ठरवतो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ पासूनची सेवा त्या दिवशी संपली. कार्यक्रम मी दूरचित्रवाणीवर पाहिला आणि अनेक जुन्या सहकाऱ्यांशी फोनवर बोलत राहिलो. या विमानाच्या अपघातांत तरुण वैमानिक गेले. तशा प्रत्येक बातमीनंतर आमच्या वसाहतीत चूल पेटवतानाही कोणी मोठ्याने बोलत नसे, हे मला येथे लिहिलेच पाहिजे. म्हणूनच माझ्या मालकीचे मिग उडणार नाही. त्याचे इंजिन ठरावीक दिवशी चालवावे, धावपट्टीवर ते थोडे धावावे, शेपटीतील पॅराशूट उघडावे आणि शाळेतल्या मुलांना ते जवळून पाहता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. चौकात खांबावर चढवलेली मिग मी पुष्कळ पाहिली आहेत. तिथे पक्षी घरटी करतात, पावसाचे पाणी आत साचते आणि आतून सांगाडा खाल्ला जातो. विमानाला खांबापेक्षा छप्पर मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमधून, एसेक्स परगणा

ओझरच्या काकांचे लिहिणे वाचून फार बरे वाटले. माझी निवड नॅट हे छोटे लढाऊ जेट आहे.

माझ्या लहानपणी घरी १९६५ च्या युद्धाच्या गोष्टी निघाल्या की नॅट उडवणाऱ्या कीलर बंधूंचे नाव यायचेच, आणि निर्मलजित सिंग सेखों यांचे नाव घेताना वडिलांचा आवाज बदलायचा. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानी सेबर विमानांचा हल्ला चालू असताना सेखों यांनी नॅट घेऊन उड्डाण केले आणि एकट्याने झुंज देत वीरमरण पत्करले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलाचे एकमेव अधिकारी आहेत.

नोकरीनिमित्त येथे आल्यावर नॉर्थ वील्डच्या धावपट्टीवर मी पहिल्यांदा उडणारे नॅट पाहिले. ते दोन आसनी प्रशिक्षण विमान होते आणि खासगी मालकीचे होते. ब्रिटिश हवाई दलाच्या ‘रेड ॲरोज’ या प्रात्यक्षिक पथकाने १९७९ पर्यंत हीच जात वापरली. जवळ गेल्यावर पहिली जाणीव होते ती आकाराची. आपल्या एक आसनी नॅटची लांबी जेमतेम नऊ मीटर आहे. उभा माणूस कॉकपिटमध्ये सहज डोकावू शकतो. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या अभियंत्याने लढाऊ विमाने उगाच अवजड आणि महाग होत चालली आहेत, या ठाम मतातून ते रेखाटले होते. प्रत्येक भागाला दोन कामे देण्याची त्याची दृष्टी मला फार भावते : नॅटला वेगळे एअरब्रेक नाहीत, चाके अर्धवट खाली सोडली की त्यांची झाकणेच वाऱ्यात उभी राहून वेग कमी करतात.

मला नॅट मिळाले तर ते भारतीय रंगात उडावे, हाच माझा हट्ट राहील. खासगी हातांत उडणारी जुनी जेट विमाने टिकतात ती स्वयंसेवकांच्या जोरावर. सुट्टीच्या दिवशी निवृत्त तंत्रज्ञ येतात, नव्या मुलांना शिकवतात आणि सुटे भाग कुठल्या तरी दुसऱ्या विमानातून मिळवतात. भाग संपले की विमान संपले. त्यामुळे एक उडणारे नॅट घ्यायचे असेल, तर शेजारी न उडणारे दुसरे ठेवावेच लागेल.

मुंबईहून, जुहूजवळ राहणारी एक वैमानिक

एवढ्या जेट विमानांत माझे लाकडी विमान शांतपणे मांडते. मला डी हॅविलँड लेपर्ड मॉथ हवे आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. त्याच प्रवासाच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तो मार्ग पुन्हा एकट्याने उडून पार केला, तो लेपर्ड मॉथमधून. जुहूच्या धावपट्टीवर विमान शिकताना आमचे प्रशिक्षक उतरण्याच्या मार्गावर बोट दाखवून ‘ते इथूनच आले’, असे सांगत. शिकाऊ मुलीच्या दृष्टीने त्या वाक्याला फार वजन होते.

लेपर्ड मॉथ १९३३ चे. पुढे मध्यभागी वैमानिक, मागे दोन प्रवासी, वर पंख आणि १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन. पंख मागे दुमडतात, म्हणून ते लहानशा शेडमध्येही मावते. चाकांच्या वरच्या दांड्यांना जे चपटे आवरण असते, ते वैमानिकाला आतून काटकोनात फिरवता येते आणि मग तेच हवेला अडवून उतरताना वेग कमी करते. नॅटविषयी वाचताना मला याच युक्तीची आठवण झाली.

निगेचा प्रश्न मात्र अवघड आहे. प्लायवुड, सरस आणि कापड यांचे मुंबईच्या पावसाळ्याशी मुळीच जमत नाही. त्या काळच्या दुधापासून केलेल्या सरसाला ओल लागली की तो सैल पडतो, त्यावर बुरशी धरते आणि सांधा बाहेरून शाबूत दिसत असताना आतून सुटलेला असतो. माझे विमान मी जून ते सप्टेंबर दख्खनच्या कोरड्या बाजूला ठेवीन आणि ऑक्टोबरात जुहूला आणीन.

वास्कोहून, नौदलातील निवृत्त तंत्रज्ञ

मला अलीझे हवे. जुन्या ‘विक्रांत’वरचे तीन माणसांचे, पाणबुड्या शोधणारे विमान. १९७१ मध्ये सी हॉकबरोबर तेही त्या जहाजावरून लढले, पण कौतुक झाले ते जेटचे. चाके पंखांच्या फुगीर कोशांत जाऊन बसतात आणि त्याच कोशांत पाणबुडीचा आवाज टिपण्यासाठी पाण्यात टाकायची ध्वनियंत्रे असतात. पोटाखालचे रडार गरजेप्रमाणे खाली उतरते.

समुद्रावरून आलेले विमान गोड्या पाण्याने धुवायचे, ही आमची पहिली शिकवण होती. मीठ दिसत नाही, पण सोडतही नाही. बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात अलीझे आजही पाहता येते. शेजारी एअर इंडियाकडून आधी हवाई दलात आणि मग नौदलात आलेले सुपर कॉन्स्टेलेशन हे विमानही आहे. गोव्यात येणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यावरून अर्धा दिवस काढून तिथे जावे.

आणि हे स्वप्न अगदीच अशक्य नाही, हेही सांगतो. आर्ट नॉल्स या अमेरिकी मरीन दलाच्या निवृत्त वैमानिकाने ब्रिटनमधून सी हॅरियर हे लढाऊ जेट विकत घेतले आणि २००७ मध्ये ते उडवलेही.

अमेरिकेतून, टेक्सास

मी येथे प्रत्यक्ष मालकीचा अनुभव लिहू शकतो, कारण आम्हा काही मित्रांचे मिळून एक बोइंग स्टिअरमन आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील हे एकावर एक दोन पंख असलेले प्रशिक्षण विमान आठ हजारांहून अधिक संख्येने बनले, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. सामान्य पगारदार माणसाने अशा विमानाचा विचार करावा तो याच कारणाने.

याच्या गोलाकार इंजिनातील खालच्या सिलिंडरांत उभ्या उभ्या तेल उतरून साचते. तसेच इंजिन चालू केले तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी प्रत्येक वेळी पंख्याची पाती हाताने फिरवावी लागतात. कुठे जड लागते, ते तळहाताला कळते. अडकले तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल सोडायचे. सुरू होताना पांढऱ्या धुराचा लोट निघतो, नवखे पाहुणे दचकतात आणि मग ठोके एका लयीत येतात. हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च उडालो नाही तरी होतोच, हे भागीदारीत उतरणाऱ्याला आधीच सांगावे.

पण धाग्याचा प्रश्न स्वप्नाचा आहे, आणि माझे स्वप्न लिबरेटर बॉम्बर हे आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ही विमाने पुन्हा उडू नयेत अशा बेताने मोडतोड करून टाकली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली कित्येक जागच्या जागी उडण्याजोगी केली आणि कारखान्याचे वैमानिक जिमी मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली. हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात आज जी थोडी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतील काही या भारतीय ताफ्यातली आहेत. कॉलिंग्ज फाउंडेशनचे लिबरेटर त्यांतलेच. ते आमच्या गावच्या विमानतळावर आले असताना मी आत चढलो होतो. बॉम्बच्या कप्प्यातून एका पायाची फळी जाते आणि कप्प्याची दारे दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकतात. आत उभा असताना कानपूरच्या मैदानात पाने-पक्कड घेऊन बसलेले ते मिस्त्री माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नव्हती. माझे लिबरेटर झाले तर ती नावे शोधून त्याच्या नाकाखाली रंगवीन.

मुंबईहून, विद्यार्थी

माझे मारुत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ते उभे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळूरला घडलेले ते लढाऊ विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर लढले. त्याला हवे होते तसे ताकदवान इंजिन कधीच मिळाले नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. मला ते मिळाले तर मी त्यात योग्य इंजिन बसवून एकदा तरी त्याला ध्वनीच्या वेगापलीकडे नेईन.

धागा सुरू करणाऱ्याकडून

विद्यार्थी मित्रा, तुझ्या मारुतला आधी सुटे भाग लागतील, तेव्हा ओझरच्या काकांशी जरूर बोल.

माझी निवड आता सांगतो : पुष्पक. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला वायुगतीशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि परतल्यावर एचटी-२, पुष्पक, कृषक आणि किरण ही विमाने घडवली. १९५८ मध्ये प्रथम उडालेले पुष्पक दोन आसनांचे, ९० अश्वशक्तीच्या इंजिनाचे आणि कापडी आवरणाचे आहे. भारतातील फ्लाइंग क्लबांमध्ये कित्येक वैमानिकांनी पहिले उड्डाण त्यातच केले. त्याच्या देखभालीसाठी कापड ताणून त्यावर डोप, म्हणजे कापड घट्ट बसवणारा लेप, लावता येणारा माणूस हवा, आणि अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. आपल्यापैकी कोणी पुष्पकचे कापड स्वतः बदलले असेल, तर ते काम पायरीपायरीने येथे लिहावे, ही विनंती.